चार डिग्रीतली माणसं

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आज दुकानात एक बाई आल्या. तलवाड्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल, नाव राजनंदिनी, वय पस्तिशीच्या आसपास. मला वाटलं वाचनालयाचा फ्रीज बिघडला असेल. त्या म्हणाल्या, "मिस्तरी, मला थंड खोली बांधायची आहे. दहा बाय बाराची."

"मोसंबी का आइस्क्रीम?" मी विचारलं.

"फोटो."

बावीस वर्षं मी गेवराईत थंडीचाच धंदा करतोय. दुधाच्या टाक्या केल्या, मोसंबीची कोल्ड स्टोरेजं केली, लग्नातल्या कुल्फीच्या पेट्या केल्या. फोटो गार ठेवायचे असतात हे आज पहिल्यांदा ऐकलं.

तलवाड्यात राधाकिशन तात्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता बंद आहे. त्यांनी पन्नास वर्षांतल्या सगळ्या निगेटिव्ह वाचनालयाला देऊन टाकल्यात. अकरा हजार. शिवाय वाचनालयाच्या कपाटात हातानं लिहिलेल्या नऊ पोथ्या आहेत. पण घाई निगेटिव्हची. आपल्याकडच्या उन्हाळ्यानं फिल्म सडायला लागलीय. मॅडमनी पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली, झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरली. लोणच्याची बरणी नासल्यावर येतो तसला आंबूस भपकारा.

"हा वास सुरू झाला की फिल्म आकसते. मग वरचा थर सुटतो आणि चेहरे सोलून निघतात. गार जागेत ठेवली तर शंभर वर्षं टिकेल."

पुण्याची एक संस्था सगळं न्यायला तयार आहे. तात्या सही करत नाहीत. शेवटी असं ठरलं की ३१ मेपर्यंत खोली झाली तर सगळं गावात राहील, नाहीतर पुण्याला जाईल. एवढ्या लहान खोलीसाठी मोठ्या शहरातली एकही कंपनी तलवाड्याला यायला राजी नाही.

"चार डिग्रीच पाहिजे ना?" मी म्हणालो. "दीड महिन्यात देतो."

त्यांनी मला एक जाड रजिस्टर दिलं, कामाची रोज नोंद ठेवायला. येताना मी तसलंच आणखी एक विकत घेतलं. कामाचं त्या रजिस्टरात लिहीन, डोक्यातलं ह्यात. दहावीनंतर एका बैठकीत एवढं कधी लिहिलं नव्हतं. बोटं दुखायलीत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तलवाड्याला गेलतो. वाचनालयाची मागची खोली बघितली. उत्तरेची भिंत, ऊन लागत नाही, छत पक्कं. काम झकास होणार.

तात्या तिथंच खुर्ची टाकून बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्यानं दिसतं, पण जीभ अजून शाबूत.

"तू त्या शाळेजवळच्या विठोबाचा थोरला ना बे? तुझा दहावीच्या फारमाचा फोटू मीच काढलाय. तीनदा काढला. दर टायमाला डोळे मिटायचास."

पेपर वाचणारे सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

मग तात्यांनी मला ट्रंका दाखवल्या. औषधाच्या खोक्यांत, बिस्किटांच्या डब्यांत, चपलांच्या बॉक्सांत निगेटिव्हच निगेटिव्ह. म्हणाले, "हे बघ, ह्याच्यात माणसं हायेत. एकूण एक माझ्या म्होरं श्वास धरून बसलेली. पुण्यात त्यांना कोण वळखणार? इथं निदान कुणी म्हणंल, ही माझी आजी."

घरी आल्यावर विजयमालाला सगळं सांगितलं. बायको म्हणून तिला कौतुक वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एकट्याच्यानं व्हईल का? बजरंग भाऊजी असते म्हंजे..."

मी टीव्ही लावला. बजरंग माझा धाकटा भाऊ. आम्ही दुकान मिळून चालवायचो. सहा वर्षांपूर्वी तो जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत मशिनरी सांभाळायला गेला. कंपनीची हवा लागली, दुसरं काय. सणाला पण येत नाही, फोन पण नाही. त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही.

४ मार्च, सोमवार

पॅनल आले. पांढऱ्या पत्र्याच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो, त्यालाच आम्ही पफ पॅनल म्हणतो. बाहेरचा उन्हाळा आत शिरू देत नाही. एकेक पॅनल उभा केला की खोलीत खोली उभी राहायला लागते. बावीस वर्षं झाली तरी हे बघताना मला अजून भारी वाटतं.

मॅडम दर तासाला येऊन काहीतरी विचारतात. आज विचारलं, "दमटपणाचं काय? पुण्याच्या लोकांनी पस्तीस टक्के लिहिलंय." मी म्हणालो, थंडी आली की सगळं आपोआप होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

३१ मार्च, रविवार

आज मशीन चालू केलं! बाहेर एकोणचाळीस, आत दोन तासांत चार डिग्री. काटा चारवर आला तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. तात्या आत जाऊन पाच मिनिटं उभे राहिले आणि दात वाजवत बाहेर आले. म्हणाले, "जिवंतपणी काश्मीर दाखवलंस." मी पेढे वाटले. दीड महिना म्हणालो होतो, दीड महिन्यालाच झालं.

तपासायला म्हणून जुन्या रद्दीचे चार खोके आत ठेवून आलोय.

२ एप्रिल, मंगळवार

पेढे वाटायला नको होते.

सकाळी दार उघडलं तर छताला घाम फुटलेला. थेंब टपटप पडत होते. मीटर बघितलं तर दमटपणा ब्याण्णव टक्के. रद्दीचे खोके हातात घेतले तर भिजलेल्या पावासारखे बसले. माझ्या तोंडाला कोरड पडली, खोली सोडून सगळीकडं कोरड.

मोसंबीला हेच पाहिजे असतं. गार आणि ओलसर, म्हणजे साल सुकत नाही. मी मोसंबीचीच खोली बांधून बसलो. फिल्मला गार पाहिजे पण कोरडं पाहिजे, आणि हवा गार झाली की तिला पाणी धरवत नाही. ह्या दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते मला येत नाही. चार मार्चला मॅडमनी विचारलं होतं. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलेलंच आहे.

तात्या काठी टेकत आले, वर बघितलं. "ह्याच्यात माणसं नको ठेवू बे. मासे ठेव."

मॅडमनी एक खोका उचलला, उन्हात नेऊन पानं एकेक वेगळी करून पसरली. ते जास्त लागलं. रद्दीच होती ती. तरी.

३ एप्रिल, बुधवार

दुकान उघडलं नाही. दुपारभर घरात पडून होतो. ही वही कोणी वाचणार नाही, मग इथं तरी खरं लिहावं.

बजरंगला कंपनीची हवा लागली नव्हती. सहा वर्षांपूर्वी आम्ही पाचेगावकडं एका बागायतदाराची मोसंबीची खोली बांधत होतो. बजरंग म्हणाला, "दादा, सांधे बाहेरून बंद करू. ओल गरम बाजूनंच आत घुसती. आतून लावलं तर पॅनलमधी पाणी साठंल." मालक उभा होता, मालकाची माणसं उभी होती. मी म्हणालो, "मिस्तरी मी हाय का तू? गुमान पाना धर." आणखी पण बोललो, ते लिहवत नाही. सगळे हसले. त्यानं पाना धरला, काम संपेपर्यंत धरला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आला नाही.

दोन वर्षांनी त्या खोलीचे पॅनल आतून सडले. मी मालकाला सांगितलं, पॅनलच खराब निघाले.

आता जेवताना विजयमाला म्हणाली, "बियाण्यालाबी गार आन् कोरडंच लागतं म्हणं ना? जालन्याला तसल्या खोल्या असत्यान." तिला बियाण्याचं काय ठाऊक, देव जाणे. पण बोलली ते बरोबर होतं. उद्या जालन्याला जाऊन येतो. फक्त मशीन बघायला.

४ एप्रिल, गुरुवार

लई विचित्र दिवस.

सकाळी विजयमालानं जबरदस्तीनं डबा दिला. सहा शेंगाच्या पोळ्या. मी म्हणालो, मी एकटा एवढ्या कुठं खाणार? म्हणाली, वाटेत लागत्यात. शहागडच्या पुलावरनं गोदावरी ओलांडताना गाडी फिरवून परत जावं असं दोनदा वाटलं.

कंपनीच्या गेटवर पोचलो तर बजरंग गेटवरच उभा. म्हणाला, चहाला बाहेर आलतो. चहाची टपरी तर रस्त्याच्या पलीकडं आहे. असो. केस पिकलेत त्याचे. मी म्हणालो, "बरा हाइस का?" तो म्हणाला, "बराय. तुमी?" मी म्हणालो, "बराय." मग आम्ही दोघं ट्रककडं बघत उभे राहिलो.

शेवटी मी कामाचं काढलं. पाच मिनिटांत त्यानं सगळं ओळखलं. मला त्यांच्या बियाण्याच्या खोलीत नेलं. आत सात डिग्री आणि हवा कुरकुरीत कोरडी, पापड ठेवला तर मऊ पडणार नाही अशी. कोपऱ्यात एक पेटी घरघरत होती. बुटांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची पुडी येते ना, त्याच जातीचा माल आत एका मोठ्या चाकात भरलेला. चाक फिरतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी गरम हवेसोबत पाइपानं बाहेर फेकतं. किती सोपं! आणि मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

नशीब असं की त्यांची एक जुनी पेटी शेडमध्ये पडून होती. नवी मोठी आली म्हणून काढलेली. आणि त्याहून नशीब असं की तिला नवाकोरा पट्टा घातलेला, बेअरिंगला ताजं ग्रीस. भंगारातल्या मशीनला कोण ग्रीस लावतं? मोठ्या कंपन्यांचं सगळंच शिस्तीत असतं बुवा. वाचनालयासाठी म्हणून साहेबांनी ती देऊन टाकायला लगेच होकार दिला. जणू आधीच ठरलं होतं.

पोळ्या मी दोन खाल्ल्या, त्यानं चार. शेवटची खाताना म्हणाला, "वैनीच्या हातची चव बदलली न्हाई."

सांध्यांचं मी काही बोललो नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

बजरंग टेम्पोत पेटी घेऊन थेट तलवाड्याला आला. पाडव्याचा दिवस म्हणून विजयमालाही माझ्यासोबत आली होती. कधी येत नाही ती कामावर. पुरणाचा डबा घेऊन आली. डबा तिघांचा होता, त्यामुळं काही कमी पडलं नाही.

बजरंगनं खोली बघितली. सांध्यांवरनं बोट फिरवलं. सगळे आतून बंद केलेले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा सांध्याकडं. एवढंच म्हणाला, "पेटी तर बसवू. पर हे असंच ऱ्हायलं तर बाहेरची ओल आत येतच ऱ्हाईल."

"मग?" मॅडमनी विचारलं.

"पुन्यांदा खोलावं लागंल."

राजनंदिनी मॅडमनी डोळे मिटून बोटांवर दिवस मोजले. बावन्न.

२१ एप्रिल, रविवार

खोली पूर्ण उतरवली. सगळे पॅनल अंगणात लिंबाखाली लावून ठेवलेत. बजरंग दर रविवारी येतो, मधल्या दिवसांत त्यानं सांगितलेलं मी करतो. तो काही सांगतो तेव्हा प्रश्न केल्यासारखं सांगतो. "हे असं केलं तर जमंल का?" असं. त्याला माहीत असतं जमतं म्हणून.

आज अकराच्या सुमाराला वाचनालयाची सगळी कमिटी काम बघायला आली. दहा-बारा माणसं, तात्या खुर्चीत. अध्यक्षांनी मला विचारलं, "काय उत्तरेश्वरराव, पुन्हा घाम नाही ना फुटणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. म्हणालो, "हे मला विचारू नका. मला ह्यातलं कळत न्हाई. ह्या माझ्या भावाला कळतं. सहा वर्षांमागंबी ह्यालाच कळलं होतं. मी चारचौघांत ह्याला गप केलं आन् ती खोली सडली. चूक माझी होती."

लिंबावर कावळा तेवढा ओरडत होता. मला वाटलं बजरंग काही बोलेल. तो म्हणाला, "टेप इसरली गाडीत," आणि निघून गेला. टेप तर त्याच्या खिशातच होती, मला दिसत होती. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ऊन लई होतं आज.

तात्या म्हणाले, "चला बे, फोटू काढण्यासारखा टाइम व्हता, क्यामेरा न्हवता."

नंतर आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत सतरा सांधे बाहेरून बंद केले. मी टेप धरली, तो दाबत गेला. मधेच तो म्हणाला, "दादा, वाकडं धरायलास." मी सरळ धरलं.

५ मे, रविवार

बाहेर बेचाळीस. काम जोरात. पण आजची खरी गंमत पुढच्या खोलीत.

खोली तयार होईपर्यंत मॅडम निगेटिव्ह साफ करून वेगवेगळ्या पाकिटांत घालतात, आणि प्रत्येक पाकिटावर नाव लिहायचं म्हणून त्यांनी गावाला बोलावलंय. टेबलाखाली दिवा, वर दुधी काच, त्यावर निगेटिव्ह. मोबाइलवर मॅडम ती सुलटी करून दाखवतात. सकाळपासून जत्रा. एका आजीनं आपली सासू ओळखली आणि पदर डोक्यावर घेतला! फोटोतल्या सासूसमोर. एका माणसानं स्वतःच्या बापाला ओळखलं नाही, तात्यांनी ओळखलं. "तुझा बाप हाय बे. तुझ्यासारखीच मान तिरकी. मी सरळ करून करून दमलो."

दोन म्हाताऱ्यांचं एका बैलावरून भांडण लागलं. बैल कोणाचा हे ठरेना. मॅडमनी दोघांचीही नावं लिहिली.

मी त्यांना सारखा ओरडतोय, दार लावा, धूळ येते, दमट हवा येते. कोणी ऐकत नाही.

१२ मे, रविवार

पुन्हा मशीन चालू. पेढे आणले नाहीत.

आता मुख्य खोलीच्या आधी एक छोटी मधली खोली केलीय, बजरंगच्या सांगण्यावरून. दोन दारं एकाच वेळी कधी उघडायची नाहीत. पेटीचं चाक घुमायला लागलं. बाहेर काढलेल्या पाइपाखाली हात धरला तर ओली गरम वाफ.

दुपारी दोनला चार डिग्री, सत्तर टक्के. चारला पंचावन्न. सहाला अठ्ठेचाळीस. बजरंगची शेवटची बस होती, गेला नाही. म्हणाला, रजा टाकतो. आमच्या घरी राहिला. त्याच्या अंगाला होईल अशी लुंगी विजयमालानं कुठून काढली कोण जाणे. नवीच होती.

१३ मे, सोमवार

पस्तीस टक्के! सकाळी आठला. मी छतावरनं हात फिरवला. कोरडंठाक. मी पुन्हा फिरवला. बजरंग म्हणाला, "पुरं आता, पालिश निघंल."

१९ मे, रविवार

वाऱ्यानं तारा तुटल्या. सकाळी सातपासून गावात लाईट नाही. ही खरी परीक्षा. मॅडम, मी आणि बजरंग दाराबाहेर बाकड्यावर बसून होतो, नऊ तास. कोणी दार उघडलं नाही. आतलं तापमान बाहेरच्या मीटरवर दिसतं. दहाला चार. बाराला साडेचार. चारला लाईट आली तेव्हा सहा. बाहेर बेचाळीस असताना फक्त दोन डिग्री चढलं, आणि दमटपणा अडतीसच्या वर गेला नाही. मॅडम बाकड्यावरनं उठून चक्क नाचल्या. थोडंसंच. मग आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर पेपर आवरायला लागल्या.

३१ मे, शुक्रवार

पुण्याहून त्या संस्थेचे साहेब आले. सूटकेसमधून त्यांचं स्वतःचं मीटर काढलं. तासभर आत. आम्ही बाहेर. तात्या आज पांढरा सदरा घालून आलेले.

साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "आमच्याकडेही वर्षभर एवढं स्थिर राहत नाही. कोणी डिझाइन केलं?"

मी बजरंगकडं बोट दाखवलं. बजरंगनं माझ्याकडं. साहेबांना काय समजायचं ते समजलं असेल.

साहेबांनी सगळं पुण्याला न्यायचा कागद फाडून टाकला. मग माल आत नेला. डबे नाहीत आता, नीट नावं घातलेली, हवाबंद पाकिटं. गावातली माणसं रांगेत उभी राहिली आणि हातोहात पाकिटं पुढं सरकवत गेली. शेवटच्या टोकाला मी आणि बजरंग, अंगात स्वेटर, बाहेर उन्हाचा कडाका. सगळ्यात शेवटी नऊ पोथ्या आल्या.

तात्यांना आत नेलं. ते कपाटांच्या मधे उभे राहिले, काठीवर दोन्ही हात. मला वाटलं काही मोठं बोलतील. म्हणाले, "हां. आता श्वास सोडा म्हणावं सगळ्यांना."

१८ जुलै, गुरुवार

बाहेरची हवा इतकी ओली की घरातलं मीठ पाझरायलंय. खोलीत चौतीस टक्के.

बजरंगनं कंपनी सोडली नाही, मी पण म्हणालो नाही. पण माजलगावच्या एका संस्थेनं जुन्या दप्तरांसाठी अशीच खोली विचारलीय, आणि ती दोघांनी मिळून करायची ठरलंय. पाटीवर कोणाचं नाव आधी टाकायचं ह्यावरून आज फोनवर अर्धा तास वाद झाला. तो म्हणतो माझं, मी म्हणतो त्याचं. विजयमाला स्वयंपाकघरातून ओरडली, "माझं टाका." आणि हसतच सुटली. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते तिनं सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

खोलीतलं मशीन तपासायला गेलतो तर मॅडमपुढं एक आजी बसलेली. चकलांब्याची रतनबाई. मेंढरामागं आयुष्य गेलेली, पाय भेगाळलेले, कानात चांदीच्या बुगड्या. कोणीतरी तिला सांगितलं होतं की तलवाड्यात जुनी माणसं ठेवल्यात.

"माझा मालक हाय का बघा. धुळाजी नाव. देवीच्या जत्रंत फोटू काढलता. लगीन होऊन दोन वर्सं झालती. फोटू आमी न्यायलाच आलो न्हाई. कळप फुडं गेला, आमी बी गेलो. मग तो सर्पानं गेला."

मॅडमनी यादी बघितली. धुळाजी सापडेना. शेवटी तात्यांना बोलावलं. तात्यांनी आजीकडं एका डोळ्यानं बघितलं, बराच वेळ. "मेंढपाळ जोडपं. बाई हसायची थांबंना म्हणून मी चिडलो व्हतो. जत्रेचा डबा, एकोणऐंशी साल."

पाकीट सापडलं. पण थंड खोलीतलं पाकीट लगेच उघडता येत नाही. उघडलं तर फिल्मवर पाणी धरतं. एक दिवस मधल्या खोलीत ठेवायचं, मग बाहेर. आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "येऊ द्या सावकाश. पंचेचाळीस वर्सं थांबले. एका दिसानं काय व्हतंय."

तिला मॅडम घरी घेऊन गेल्या.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन झाल्यावर वाचनालयात गेलो. सुट्टी म्हणून बजरंगही आला होता. आजी आंघोळ करून, कपाळाला कुंकवाच्या जागी बुक्का लावून बसलेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण आज सगळे हळू आवाजात बोलत होते.

मॅडमनी पाकीट उघडलं, निगेटिव्ह दुधी काचेवर ठेवली, दिवा लावला. मोबाइल काढून त्या ती सुलटी करणार, एवढ्यात आजी काचेवर वाकली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं दिसतं, पांढरं ते काळं. आजीला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी सांगायला पुढं झालो. बजरंगनं माझा दंड धरला.

आजी बघत राहिली. मग हसायला लागली. आधी नुसते गाल हलले, मग खांदे.

"आगं बया! मिशा पांढऱ्या झाल्या. केसबी पिकले." तिनं पदर तोंडाला लावला. "काळाभोर गडी व्हता, गोरा झालाय सायबावानी. म्हातारा झालाय वो माझा धुळाजी."

मग हसणं थांबलं, पण चेहरा तसाच राहिला, उजळलेला.

"तिशीबी गाठली न्हवती त्यानं. मी मनात लई डाव बघायची, म्हातारपणी कसा दिसला असता. दिसायचा न्हाई. आज दिसला."

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

थोड्या वेळानं मॅडमनी विचारलं, "आजी, सुलटा फोटो काढून देऊ? तरणा दिसेल त्यात."

"द्या की. तरण्याला बी नेते. पर आदी ह्याला बघू द्या अजून."

अर्धा तास बघितला तिनं. शेवटी उठताना तिनं मला विचारलं, "आता ह्याला परत गारठ्यात ठिवणार?"

"हो आजी. लई गार हाय आत. पण जपून ऱ्हाईल. तुमची नातवंडं, पतवंडं येऊन बघतील."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बंद दाराकडं. मग काचेवरच्या धुळाजीच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"घोंगडं हाय अंगावर," ती म्हणाली. "भागंल त्याचं."